शुक्रवारचं कस्टर्ड

मी लाकडाचा आहे, जुना आहे आणि माझा विश्वासघात झालेला आहे. मित्रांनो, यातल्या पहिल्या दोन गोष्टी तुम्हाला माझ्याकडे नुसतं पाहून कळतील. तिसरी सांगावी लागते, म्हणून हा खटाटोप.

मी कस्टर्ड ढवळायचा चमचा. चमचा म्हटलं की काही मुलं एकमेकांना कोपराने ढोसतात. ढोसू द्या. तोंडावर गोड बोलणं मला आयुष्यात जमलं नाही, कारण मला तोंडच नाही. ज्यांना तोंड होतं आणि ज्यांना ते फार छान जमलं, त्यांची ही हकीकत आहे.

त्याआधी मी झाड होतो. यॉर्कशरच्या डोंगरात, एल्डरबेक नावाच्या गावी, ओढ्याच्या काठाला उभा असे. मेंढ्या माझ्या बुंध्याला पाठ घासत, कावळे वर भांडत, आणि माझं बरं चाललं होतं. मग एका वादळात मी आडवा झालो तो थेट मर्टलच्या वडिलांच्या परसात. ते लाकडी तळाचे बूट करत. देवाने माल घरपोच पाठवला, असं म्हणत त्यांनी त्याच दुपारी करवत काढली. माझे बहुतेक भाऊ बुटांचे तळ झाले. त्यातला एक गवळ्याच्या पायात गेला आणि जन्मभर शेणात उभा राहिला. पण ते शेण आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अलीकडे मला त्याचा हेवा वाटतो.

शेवटी माझा एक तुकडा उरला, बुटाला अपुरा आणि चुलीत घालायला जिवावर येईल असा. मर्टलचं लग्न ठरलेलं होतं. वडिलांनी मला कोरलं, काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत केलं, तेल पाजलं आणि तिच्या हातात दिलं. अशा रीतीने मर्टलला एकाच आठवड्यात मी आणि क्लिफर्ड ओल्डरॉइड असे दोघे मिळालो. लोक म्हणत, जोडा शोभतो. ते क्लिफर्डबद्दल बोलत असावेत, पण मी ते मनावर घेतलं.

आईने मर्टलला कस्टर्ड दिलं. म्हणजे भांडं नव्हे, कृती. त्या घरात कस्टर्ड आईकडून लेकीकडेच जाई, सुनेला मिळत नसे. आता आमच्या गावात कस्टर्ड दोन तऱ्हांनी होतं. एक डब्यातल्या पिवळ्या पावडरीचं. दुधात कालवली, उकळी आणली की झालं. त्यात अंड्याचा अंशही नसतो आणि गार झालं की सुरीने कापता येतं. दुसरं अंड्याचं, म्हणजे आमचं. पावडरवाल्या घरांबद्दल मर्टलच्या आईचं मत असं होतं की ती माणसं चांगली असतील, पण तो डबा रंगाच्या दुकानात ठेवायला हवा.

अंड्याच्या कस्टर्डला वेळ द्यावा लागतो. दूध लिंबाच्या सालीबरोबर गरम करायचं, पिवळे बलक साखरेत फेटायचे, त्यावर दूध धारेने सोडायचं, मग ते भांडं उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवायचं आणि मी आत उतरायचं. तळ न सोडता फिरत राहायचं. जरा घाई केली की बलक रुसतात आणि भांड्यात गोड अंडाभुर्जी तयार होते. झालं की नाही हे माझ्या पाठीवर ठरतं. मर्टल मला बाहेर काढी, माझ्या पाठीवर बसलेल्या थरावरून बोट फिरवी, आणि बोटाची रेघ बुजली नाही तर आच बंद करी. बोट ती ऍप्रनला पुसे, तोंडात घालत नसे. जिचं बोट तोंडात जातं तिचं ट्रायफल पाहुण्यांपर्यंत पोचत नाही, अशी तिच्या आईची शिकवण होती.

ट्रायफल म्हणजे काचेच्या भांड्यातली इमारतच. तळमजल्यावर जॅम लावलेला शिळा केक. त्यात इतर लोक वाइन मुरवतात, पण आम्ही चॅपलची माणसं, दारूला शिवायचं नाही अशी शपथ घेतलेली, म्हणून रासबेरीचा रस. पहिल्या मजल्यावर कस्टर्ड. गच्चीत फेटलेलं क्रीम आणि भाजलेले बदाम. भांडं काचेचं असतं, कारण शेजारणीला मजले मोजता आले पाहिजेत.

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी मर्टलने क्लिफर्डसमोर ट्रायफल ठेवलं. त्याने खाल्लं. मिशा पुसल्या. आणि म्हणाला, "मर्टल, असं कस्टर्ड राणीच्या टेबलावरसुद्धा नसेल."

मी तेव्हा ओट्यावर ओला पडलो होतो. माझ्या रेषारेषांतून सुख फिरलं. पुढे तीस-एक वर्षं, प्रत्येक नाताळात, प्रत्येक वाढदिवसाला, प्रत्येक बारशाला मी हेच वाक्य ऐकलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. इतकं एकसारखं वाक्य पाठ केल्याशिवाय येत नाही, हे मला कळायला हवं होतं. पण लाकूड मुळातच विश्वासू असतं.

माझी ती वर्षं थाटाची होती. मर्टल मला कांद्याला लावत नसे, रश्श्यात घालत नसे. धुतला की लगेच फडक्याने पुसून चुलीच्या वरच्या खुंटीला टांगे. मला पाण्यात भिजत ठेवलंय असं कधी झालं नाही. पलीकडे तारेचं फेटणं आणि पत्र्याची उलथणी एका डबड्यात कोंबलेली असत. मी त्यांच्याकडे पाहत नसे.

चॅपलच्या वर्धापनदिनाला मागच्या सभागृहात गावजेवणासारखं चहापान होई. प्रत्येक घरची बाई आपल्या काचेच्या भांड्यात ट्रायफल आणी, आणि भांडी बदलू नयेत म्हणून तळाला जखमेवरची चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिही. बाकीच्या बायका घरून ट्रायफल पुरतं रचून आणत. आमचं कस्टर्ड मात्र वेगळ्या बरणीतून जाई आणि तिथे पोचल्यावर ओतलं जाई, कारण उतारावरून नेताना ते भांड्याच्या कडेवरून बाहेर येई. मला तो आमचा मान वाटे. राजाचा मुकुटसुद्धा वेगळ्या पेटीतून जातो.

आणि आमचं भांडं दर वर्षी चाटूनपुसून परत येई. बाकीच्यांच्या भांड्यांत काही ना काही उरलेलं असे. आमच्यात थेंब नाही. मर्टल सगळ्यांना वाढून शेवटी जाई तेव्हा स्वतःच्या ट्रायफलचा घाससुद्धा तिच्या वाट्याला येत नसे. घरीही तेच, क्लिफर्ड तिच्यासाठी काही ठेवतच नसे. ती याचं कौतुकच सांगे.

मित्रांनो, आता तो शुक्रवार.

त्या हिवाळ्यात म्हाताऱ्या मिसेस ग्रिमशॉ वारल्या. चहापानाच्या टेबलाच्या शिरोभागी, पाद्रीसाहेबांच्या पुढ्यात, कित्येक वर्षं त्यांचं ट्रायफल असे. ती जागा ज्येष्ठतेच्या क्रमाने आता मर्टलकडे आली. ती त्याबद्दल फार बोलली नाही. फक्त पडदे धुतले, केस सेट करून घेतले, मला नव्याने तेल लावलं आणि नेहमीपेक्षा दुप्पट अंडी सांगितली. दुसऱ्या दिवशी, शनिवारच्या चहापानात, शिरोभागी ज्या बाईचं भांडं बसेल, तिचं गावातलं स्थान मरेपर्यंत पक्कं. तिच्या आईला ती जागा कधी मिळाली नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी कस्टर्ड अगदी रंगात आलं असताना शेगडीने दोन उचक्या दिल्या आणि ती विझली. सिलिंडर संपला होता. भरलेला सिलिंडर आणायला क्लिफर्डला सांगून आठवडा झाला होता, आणि क्लिफर्ड बँडच्या तालमीला गेलेला. तो गावच्या बँडमध्ये एक प्रचंड पितळी भोंगा वाजवी. दर शुक्रवारी तो भोंगा बाळासारखा कवेत घेऊन तो घराबाहेर पडे आणि समाधानी चेहऱ्याने परत येई.

अर्धं शिजलेलं अंड्याचं कस्टर्ड कोणासाठी थांबत नाही. मर्टलने भांडं टॉवेलात गुंडाळलं, मला डोकं बाहेर ठेवून ऍप्रनच्या खिशात खोचलं आणि चढणीवरच्या नणंदेच्या घरी, हेस्टरकडे निघाली. हेस्टर ही क्लिफर्डची थोरली बहीण. लग्न केलेलं नाही, जिभेला हाड नाही, आणि पावडरवाली. मागच्या दाराने आत शिरायचं असा गावचा रिवाज. मर्टल शिरली.

टेबलाशी क्लिफर्ड बसला होता. गळ्यात नॅपकिन. शेजारच्या खुर्चीवर, पाहुण्यासारखा, तो भोंगा. आणि क्लिफर्डच्या पुढ्यात वाडगाभर पिवळंधमक, घट्ट, थरथरणारं पावडरीचं कस्टर्ड, ज्याच्यावर जाड साय धरलेली होती. त्याने ती साय चमच्याने एका कडेने उचललेली होती, पोरं उचलतात तशी, सबंध निघावी म्हणून.

साय हळूहळू परत खाली पडली.

"गॅस संपला," मर्टल म्हणाली.

हेस्टरने आपली किटली उचलून शेगडी मोकळी केली. मर्टलने भांडं चढवलं आणि क्लिफर्डकडे पाठ करून मला आत फिरवायला लागली. मित्रांनो, मी पुष्कळ कस्टर्डं ढवळली, पण तसं नाही. क्लिफर्डला खाणं पुढे चालू ठेवता येईना आणि चमचा खाली ठेवावा तर आवाज होईल. तो तसाच, हातात चमचा धरून, फोटोला बसल्यासारखा बसून राहिला. माझा दांडा भांड्याबाहेर होता, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. भोंगा माझ्याकडे पाहत होता. आत नुसता वारा असलेल्या वस्तूच्या चेहऱ्यावर जो भाव असतो तो त्याच्या चेहऱ्यावर होता.

मर्टलने माझ्या पाठीवर बोट फिरवून पाहिलं. रेघ उभी राहिली. तिने आच बंद केली, भांडं गुंडाळलं आणि दारापर्यंत गेली.

"मर्टल," क्लिफर्ड म्हणाला, "तू समजतेस तसं काही नाही गं. मी फक्त साय खायला येतो."

"कधीपासून?"

क्लिफर्डने बहिणीकडे पाहिलं. हेस्टर कपबशी पुसत होती. ती म्हणाली, "तुमचं लग्न झालं ना, त्या उन्हाळ्यापासून. मी म्हटलं होतं त्याला, बायकोला सांगून टाक. म्हणाला, नको, तिला वाईट वाटेल."

उतारावरून परत येताना मर्टलच्या हातातलं भांडं डुचमळत होतं आणि कस्टर्ड टॉवेलात झिरपत होतं. तिने ते पुसलं नाही.

रात्रीच्या जेवणाला तिने एकच प्रश्न विचारला: भोंगा शेवटचा कधी वाजवलास? क्लिफर्डने बराच विचार केला आणि राणीच्या राज्याभिषेकाचं नाव घेतलं. बँडवाल्यांनी त्याच्या जागी दुसरा माणूस घेऊनही जमाना झाला होता. त्याला सांगितलं नव्हतं, वाईट वाटेल म्हणून.

शनिवारी सकाळी हेस्टर आमच्या दाराशी आली, हातात पावडरीचा डबा. आज शिरोभागी मांडायचंय, उगाच धोका पत्करू नकोस, माझं ऐक, हे घाल, असं तिचं म्हणणं. मर्टलने विचारलं, धोका कसला? हेस्टरने तोंड उघडलं आणि मिटलं. जिभेला हाड नसलेल्या त्या बाईचं तोंड मिटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मर्टल म्हणाली, माझ्या आईचं कस्टर्ड आहे, आणि दार लावून घेतलं. मला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला की दांड्याला कुठेतरी बारीक तडा गेला.

सभागृहात मर्टलने केकवर कस्टर्ड ओतलं, मी ते भांडंभर नीट पसरवलं. त्यावर क्रीम, त्यावर बदाम. तिने मला पुन्हा खिशात खोचलं आणि भांडं स्वतः उचलून शिरोभागी ठेवलं. ऐंशी-नव्वद माणसं बसलेली. पाद्री पॉबजॉय, नवेच आलेले, गोरे आणि घाबरट, त्यांनी प्रार्थना म्हटली आणि वाढायचा चमचा ट्रायफलमध्ये घातला. डबक्यात पाय पडावा तसा आवाज झाला. त्यांनी एक घास काढला आणि त्या खड्ड्यात चारी बाजूंनी कस्टर्ड वाहत आलं. मागोमाग क्रीम निघालं, बदाम तरंगू लागले, आणि बघता बघता इमारतीचे सगळे मजले एकमेकांत मिसळले.

"अप्रतिम," पाद्री म्हणाले.

"अप्रतिम," टेबल म्हणालं.

मर्टलने एक बशी भरली. नव्हे, तिच्यात ओतली. ती क्लिफर्डपुढे ठेवली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. हॉलमध्ये चमच्यांचा आवाज थांबला. सगळ्यांना ते राणीचं वाक्य पाठ होतं. काहींचे ओठही हलू लागले होते.

"क्लिफर्ड," ती म्हणाली, "इथे बसून खोटं बोलायचं नाही. कसं झालंय?"

त्याने घास घेतला. मिशा पुसल्या नाहीत. त्याच्या मिशांवरून कस्टर्डचा एक थेंब टेबलक्लॉथवर पडला, आणि त्याने बोटाने तो झाकला.

"पातळ आहे गं," तो म्हणाला. "पहिल्यापासूनच पातळ आहे."

मला वाटलं, आता गाव उठेल. या खोटारड्याला उचलून ओढ्यात टाकेल. मी खिशात ताठ उभा राहिलो.

तेवढ्यात पोस्टमनची बायको हलकेच म्हणाली, "जरासंच."

तिच्या पलीकडची म्हणाली, चवीला काही वाईट नसतं, फक्त ते खाण्यापेक्षा पिण्याकडे झुकतं. मग जो तो बोलू लागला, अगदी सौम्यपणे, एकमेकांना वाट करून देत. अमोस टॅटर्सॉल या वृद्ध गृहस्थांनी सांगितलं की ते दर वर्षी आपला वाटा खिडकीतल्या जिरेनियमला घालतात. एका वर्षी जिरेनियम मेलं तेव्हा त्यांनाही वाईट वाटलं होतं. भांडं चाटूनपुसून परत जायचं त्याचं रहस्यही बाहेर आलं. मर्टलचं मन मोडू नये म्हणून गावाने उरलेलं संपवायच्या पाळ्या लावल्या होत्या. या वर्षी पोस्टमनची पाळी होती आणि तो सकाळपासून उपाशी होता.

मग दिवंगत मिसेस ग्रिमशॉंची सून उठली. तिचा चेहरा एकदम उजळला होता. ती म्हणाली की सासूबाईंनी डोळे मिटण्यापूर्वी तिचा हात धरून शेवटचे शब्द उच्चारले होते: मर्टलला सांगू नका. घरातल्यांना वाटलं होतं आजाराबद्दल बोलताहेत, म्हणून त्यांनी मर्टलला अंत्यविधीची वेळसुद्धा उशिरा कळवली. आता कुठे उलगडा झाला. तिने सगळ्यांचे आभार मानले आणि ती खाली बसली.

पाद्री पॉबजॉय लालेलाल झाले होते. त्यांचं "अप्रतिम" अजून हवेत होतं.

मित्रांनो, विश्वासघात करणारा एकटा असला तर त्याच्यावर रागावता येतं. सबंध गावाने मिळून, ठरवून, पाळ्या लावून, प्रेमाने केलेल्या विश्वासघाताचं काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही. त्यांच्यापैकी एकालाही आमचं वाईट व्हावं असं वाटत नव्हतं. तेच तर वाईट होतं.

मर्टलने मला खिशातून काढलं. सगळ्यांच्या देखत मला ट्रायफलमध्ये घातलं आणि माझ्यावरून, त्या भल्या मोठ्या लाकडी चमच्यावरून, उभ्या उभ्या घास घेतला. तिच्या आयुष्यातला स्वतःच्या ट्रायफलचा पहिला घास. ती तो चावायला गेली, पण चावण्यासारखं काही नव्हतं.

"पातळ आहे," ती म्हणाली.

आजवर मला सांभाळणाऱ्या बाईच्या तोंडून, माझ्यावरून घेतलेल्या घासाबरोबर, ते शब्द आले.

हेस्टर तिच्याजवळ येऊन उभी राहिली. "तुझ्या आईचं कस्टर्ड गरम पुडिंगवर ओतायचं असायचं, मर्टल. ट्रायफलला ते उभं राहावं लागतं. त्याच कस्टर्डात चमचाभर कॉर्नफ्लावर घातलं की बसलं असतं. एवढंच होतं."

"मग हे मला कोणी कधी सांगणार होतं का?"

आमच्याकडे बोलायला काही उरलं नाही की चहा ओततात. मर्टलपुढे एकदम तीन जणांनी चहाचे कप आणून ठेवले. तिने एकालाही हात लावला नाही. भांडं उचललं, तळाची चिकटपट्टी ओढून काढली आणि घरी निघाली.

त्यानंतर घरात सत्ययुग आलं. मर्टलने क्लिफर्डला एकच शिक्षा सांगितली: या घरात यापुढे वाईट वाटू नये म्हणून काहीही बोलायचं नाही. क्लिफर्डने ती मनापासून भोगली. पहिल्याच आठवड्यात त्याने सांगितलं की रविवारच्या मटणावरचा रस्सा खारट असतो. मग बैठकीतला सोफा टोचतो. मग तिची निळी हॅट मेलेल्या कबुतरासारखी दिसते. मग लग्नात तिच्या मामाने केलेलं भाषण त्याला अजून स्वप्नात येतं. तीस वर्षांचा साठा होता, एकदम निघाला. मर्टल ऐके आणि मान हलवी. काही वेळा स्वयंपाकघरात येऊन ओट्याची कड घट्ट धरून उभी राही. हॅट मात्र तिने घालायची सोडली नाही.

आणि पुढच्याच शुक्रवारी तिने पावडरीचा डबा आणला.

मला वाटलं, फेटण्याला बोलावतील. त्याचं ते कामच आहे. पण तिचा हात खुंटीकडे आला. तिने मला त्यात घातलं. पावडर, दूध, उकळी. मी ढवळलं, नोकराला काय विचारता? झालं तेव्हा ते इतकं घट्ट होतं की तिने हात सोडला तरी मी भांड्यात उभाच होतो. एवढा स्वाभिमान गेलेला चमचा इतका ताठ उभा असलेला तुम्ही पाहिला नसेल. क्लिफर्डने साय सबंध उचलून खाल्ली. मर्टलने त्याला माफ केलं होतं. मला कोणी विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने मला तसंच त्या भांड्यात पाणी घालून भिजत ठेवलं. सकाळपर्यंत मी फुगलो. वाळल्यावर दांड्याचा तडा पाव बोट रुंद झाला. मग माझी जागा चुलीवरून कोठीघरातल्या खिळ्यावर गेली, लसणाच्या माळेशेजारी. आता मी वर्षातून एकदा उतरतो, सफरचंदाच्या गरम पुडिंगसाठी. बाकीचा काळ लसूण बोलतो आणि मी ऐकतो.

त्या कोठीघरात मी होतो म्हणूनच पुढचं मला दिसलं. शिशिरातला एखादा मंगळवार असावा. बाहेर दोघं जेवत होती. साधं जेवण, मासे आणि उकडलेले बटाटे. बराच वेळ काट्याचमच्यांचा आवाज, आणि मग क्लिफर्डचा आवाज, घास तोंडात असतानाच.

"आजचे बटाटे चांगले झालेत."

पुढे काही नाही. राणी नाही, तिचं टेबल नाही. तो पुढचा बटाटा मोडत होता.

मर्टल उठली. मीठ आणते म्हणाली आणि कोठीघरात आली. मीठ टेबलावरच होतं. तिने दार ओढून घेतलं, पिठाच्या पिंपाला टेकली, आणि ऍप्रनचा बोळा तोंडाशी धरून उभी राहिली. आधी मला वाटलं, रडते आहे. मग वाटलं, हसते आहे. रस्सा खारट म्हणणाऱ्या, हॅटला मेलेलं कबुतर म्हणणाऱ्या माणसाने बटाटे चांगले झाले म्हटलं होतं, आणि ते खरं असणार याला आता काही इलाजच नव्हता. नव्या नवरीसारखे तिचे गाल लाल झाले होते. ती तशी माझ्याकडे पाहून लाजली होती, लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी. पण तेव्हा फसली होती.

उकडलेल्या बटाट्यांशी माझा काडीचाही संबंध नव्हता. पाणी, मीठ आणि बटाटे. चमचा लागतच नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. लाकडी चमचा भिजत ठेवू नका, आणि माणसाला गोड बोलण्यात भिजत ठेवू नका. दोन्ही फुगतात, आणि वाळल्यावर तडकतात. कोणी पुढ्यात काही ठेवलं आणि ते पातळ असेल, तर पहिल्याच घासाला पातळ म्हणा. बिचाऱ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा करून बघता येतं. तीस वर्षांनी सांगितलंत, तर त्याच्या हातात फक्त रिकामी बरणी उरते.

क्लिफर्डला मी माफ केलेलं नाही. गावालाही नाही. मर्टलचं विचाराधीन आहे.

ती त्या दिवशी कोठीघरातून बाहेर गेली आणि त्याला विचारलं, "अजून एक वाढू?"

"नको," क्लिफर्ड म्हणाला. "पोट भरलं."

आणि ती हसत हसत टेबल आवरायला लागली.